आधी उंची मोजा

“डॉक्टर, हिचं वजन किती किलो कमी करायचं?” बारा-चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आलेले आईवडील खुर्चीत बसता बसता हेच विचारतात. बऱ्याचदा याचं खरं उत्तर असतं, एकही किलो नाही. ते ऐकून त्यांचा विश्वास बसत नाही. मुलीचं वजन वयाच्या मानाने जास्त आहे हे त्यांनी बरोबर ओळखलेलं असतं. काळजी रास्त असते. घरात काही बदलायला हवं, हेही खरंच असतं. तरीसुद्धा काट्यावरचा आकडा खाली आणायची घाई करायची नसते. मुलगी वाढीला लागलेली असेल, तर तो आकडा आहे तिथे थोपवून धरला तरी पुष्कळ होतं, कारण बाकीचं काम तिची उंची करणार असते.

हे पुस्तक या एका विचाराभोवती उभं आहे. मोठ्या माणसाने वजन उतरवणं आणि वाढत्या मुलाचं वजन आटोक्यात आणणं ही दोन वेगळी कामं आहेत. मोठ्यांसाठी केलेला आहाराचा तक्ता निम्मा करून मुलांना देता येत नाही. पुढच्या प्रकरणांत ताट, डबा, मैदान, झोप, घरातलं बोलणं आणि डॉक्टरांकडे जायची वेळ यांबद्दल सविस्तर लिहिलं आहे. त्या सगळ्या सूचनांमागचं कारण एकदा सलग समजून घेतलं, तर त्या पाळणं सोपं जाईल. म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबवली आहे.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, १९९० मध्ये भारतात ५ ते १९ वर्षं वयाची लठ्ठ मुलं सुमारे ४ लाख होती. २०२२ मध्ये ती सव्वा कोटीच्या घरात गेली. याच्या जोडीला दुसरा आकडा ठेवावा लागतो. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात मुलांच्या पोषणाची देशभर पाहणी केली. तीत १० ते १९ वयोगटातली २४ टक्के मुलं हडकुळी आढळली, ५ टक्के मुलांचं वजन जास्त निघालं, आणि ४० टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी होतं. एकाच वर्गात एका बाकावर हाडं दिसणारी मुलगी असते आणि मागच्या बाकावर गणवेशात न मावणारी. शिवाय मागच्या बाकावरच्या मुलीचं हिमोग्लोबिनही कमी असू शकतं. बिस्किटं, फरसाण, नूडल्स आणि सरबतं यांतून ऊर्जा भरपूर मिळते. लोह, कॅल्शियम आणि प्रथिनं मिळत नाहीत. वजन जास्त म्हणजे पोषण चांगलं, हा आपला जुना समज इथेच कोसळतो. अशा मुलीचं जेवण तोडलं, तर जे मुळात कमी पडत होतं तेच आणखी कमी होतं.

आता वाढीकडे येऊ. मुलींची उंची साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते, तेव्हा वर्षाला आठ सेंटिमीटरच्या आसपास भर पडते. मुलग्यांचा हा काळ तेराव्या-चौदाव्या वर्षी येतो आणि वेग नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत जातो. मोठेपणीच्या उंचीचा सुमारे पाचवा हिस्सा आणि मोठेपणीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा हिस्सा या काही वर्षांत अंगावर चढतो. हाडांचं तर विशेषच. आयुष्यभर पुरवायची हाडांतली खनिजं घ्या. त्यांतला जवळपास चौथा भाग वाढीच्या ऐन भरातल्या दोन वर्षांत जमा होतो. त्या दोन वर्षांत उपाशी राहिलेल्या मुलीला तो हप्ता पुढे पूर्ण भरून काढता येईलच असं नाही. साठीत मोडणाऱ्या हाडाचं मूळ कधी कधी पंधराव्या वर्षीच्या डाएटमध्ये असतं.

या वयात अंगावर चरबी येणं हाही वाढीचाच भाग आहे. पाळी सुरू होण्याच्या सुमारास मुलींच्या मांड्या, नितंब भरतात; ते तसं व्हायलाच हवं. पुष्कळ मुलगे उंची सुटण्याआधी दहाव्या-अकराव्या वर्षी गुबगुबीत दिसतात आणि नंतर झपाट्याने सुटसुटीत होतात. आजी म्हणते, “वाढत्या अंगाचं आहे, सुटेल आपोआप.” काही मुलांच्या बाबतीत आजी अगदी बरोबर असते. काहींच्या बाबतीत मात्र नसते, आणि ती काही मुलं कोणती हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्यासाठी मोजावं लागतं.

मोजायचं कसं? उंचीच्या प्रमाणात वजन पाहायची कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या आडॉल्फ केतले या बेल्जियन गणितज्ञाची. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अँसेल कीझ यांनी तिला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, हे नाव दिलं. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, की बीएमआय मिळतो. मोठ्यांसाठी त्याच्या ठरावीक मर्यादा आहेत. मुलांना त्या लावणं चूक आहे, कारण मुलांचा बीएमआय वयानुसार आणि मुलगा की मुलगी यानुसार बदलत राहतो. फोनवरच्या ॲपमध्ये तेरा वर्षांच्या मुलाची उंची-वजन भरून येणारं ‘नॉर्मल’ किंवा ‘ओव्हरवेट’ हे उत्तर पुष्कळदा मोठ्यांच्या मापाने दिलेलं असतं. मुलांचा बीएमआय वाढीच्या आलेखावरच वाचायचा असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे ‘इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स’ने, ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी २०१५ मध्ये असे आलेख प्रसिद्ध केले. त्यामागच्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. या आलेखांवर जास्त वजनाची आणि लठ्ठपणाची रेषा मोठेपणीच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जोडलेली आहे. पाश्चात्त्य देशांत मोठ्यांसाठी २५ आणि ३० वापरतात. आपल्याकडे मर्यादा खाली का आणली, याचं उत्तरही पुण्यातल्याच संशोधनात सापडतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचं जन्माच्या वेळचं सरासरी वजन २.७ किलो होतं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती. तरी त्यांच्या पाठीवरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायू मात्र कमी होते. दिसायला बारीक, आतून चरबीदार. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र छापलं. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीराबद्दल पानंच्या पानं लिहून जे सांगता आलं नसतं, ते त्या एका छायाचित्राने सांगितलं. आपल्या मुलांच्या बाबतीत याचा अर्थ असा, की नुसतं वजन पुरेसं बोलत नाही. पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा घरच्या घरी टेपने पाहता येणारा साधा ताळा आहे. दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा. आपल्या मुलांना चरबी कमी करण्याइतकीच स्नायू कमावण्याची गरज आहे, आणि उपाशी राहून स्नायू येत नाहीत, उलट असलेले झडतात.

आता सुरुवातीच्या उत्तराकडे वळू. समजा, तेरा वर्षांचा एक मुलगा आहे. उंची १५० सेंटिमीटर, वजन ६० किलो. त्याचा बीएमआय २६.७ होतो आणि त्या वयाच्या आलेखावर ते नक्कीच जास्त आहे. या मुलाने एक ग्रॅमही न घटवता वजन ६० वरच ठेवलं आणि पुढच्या सव्वा-दीड वर्षात त्याची उंची १६० झाली, तर बीएमआय २३.४ वर येतो. मुलगा उपाशी राहिला नाही, त्याची हाडं आणि स्नायू वाढले, आणि चरबीचं प्रमाण उतरलं. वजन थोपवून धरणं हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्या वयात दर वर्षी चार-पाच किलो वाढणारच असतात. ते चार-पाच किलो हाडामांसाचे असावेत आणि त्याच वेळी तेवढीच चरबी झिजावी, एवढं मोठं काम त्या स्थिर आकड्याच्या आत चाललेलं असतं.

यात मुलींच्या पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. पाळी सुरू झाल्यानंतर मुलीची उंची साधारण पाच ते सात सेंटिमीटरच वाढते. म्हणजे उंचीची मदत मुलींना लवकर मिळते आणि लवकर संपते. नवव्या-दहाव्या वर्षी आलेख वर सरकताना दिसला, तर ‘मोठी झाल्यावर बघू’ म्हणून थांबू नये. सतरा-अठराव्या वर्षी उंची थांबल्यावर ज्यांचं वजन खरोखर उतरवायला हवं अशी मुलं असतात. त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अगदी सावकाश उतरवावं. वजन झपाट्याने उतरतं आहे म्हणून घरात आनंद साजरा करू नये. त्याच वेळी डॉक्टरांना फोन करावा.

झपाट्याचा मोह मात्र सगळीकडे आहे. रीलमधला कुणी सांगतो की पोळी-भात बंद करा, कुणी सोळा तास उपाशी राहायला सांगतो, जिममधला दादा पावडरचा डबा हातात ठेवतो. दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत मराठी घरांत बरीच रुजली. मोठ्यांसाठी असलेली ती पद्धत चौदा वर्षांच्या मुलानेही बाबांबरोबर सुरू केली की गाडी रुळावरून घसरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी इथे डोळे उघडणाऱ्या आहेत. बैठं काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला सुमारे १,६६० किलोकॅलरी लागतात. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला २,४०० लागतात आणि त्याच वयाच्या मुलग्याला २,८६०. ऑफिसात बसून काम करणाऱ्या आईपेक्षा आठवीतल्या मुलीची गरज कितीतरी जास्त आहे. आणि बाजारात ‘बाराशे कॅलरीचं डाएट’ म्हणून फिरणारा कागद त्या मुलीला तिच्या गरजेच्या निम्म्यावर आणून ठेवतो.

उपासमार मनाचं काय करते, याचा पुरावा जुना आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात याच अँसेल कीझ यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं. पण ते तरुण चिडचिडे, उदास झाले. त्यांना जेवणाशिवाय दुसरं सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. आणि पोटभर जेवायला मिळू लागल्यावर कितीही खाल्लं तरी त्यांची भूक शमेना. हे प्रौढ, मनाने खंबीर तरुण होते. आपण तेच नववीतल्या मुलीकडून मागतो, आणि तिने रात्री लपून बिस्किटांचा पुडा संपवला की तिला मनोनिग्रह नाही म्हणतो. त्याच विद्यापीठात डायॅन न्यूमार्क-स्टायनर यांनी किशोरवयीन मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. डाएट करणाऱ्या मुलांचं वजन पाच वर्षांनी डाएट न करणाऱ्यांपेक्षा जास्त असण्याची शक्यता दिसली, आणि अधाशीपणे खाणं, उलटी काढणं अशा सवयीही त्यांच्यात अधिक आढळल्या. डाएट या वयात नुसतं निरुपयोगी ठरत नाही, ते उलटही फिरतं.

मग करायचं काय? पहिलं उत्तर घरातल्या ताटात आहे, आणि ते दिलासा देणारं आहे. भाकरी किंवा पोळी, भात, आमटी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक हे आपलं ताट वाढत्या मुलासाठी मुळातच चांगलं आहे. त्यातून भात किंवा तूप हद्दपार करायची गरज नाही. ताटातलं प्रमाण मात्र बिघडलं आहे. आमटी पातळ आणि वाटी लहान, उसळ आठवड्यातून एकदा, भाजी चमचाभर, आणि पोट पोळी-भातानेच भरायचं, अशी आपली सवय झाली आहे. १३ ते १५ वर्षांच्या मुलांना दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका मोठ्या पेल्यातल्या दुधात आठेक ग्रॅम असतात, दोन अंड्यांत बाराच्या वर, मूठभर शेंगदाण्यांत सात, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात. हिशेब अवघड नाही, पण तो रोज व्हायला हवा. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, दही यांनी कॅल्शियम येतं. मेथी, हरभरा, मटकी, आणि खाणाऱ्यांसाठी मटण-मासे यांनी लोह येतं. वर लिंबू पिळलं की ते लोह अंगी लागायला मदत होते.

दुसरी अडचण संध्याकाळची. शाळा सुटते, क्लास सुरू व्हायला पाऊण तास असतो, आणि पोटात आग पडलेली असते. वाढत्या मुलाची ही भूक खरी आहे. तिला ‘सारखं काय खातोस’ म्हणणं अन्याय आहे. तिच्यासाठी घरात काही तयार नसलं, की ती वडापाव, समोसा, चहा-खारी आणि थंड पेयाकडे जाते. संध्याकाळचं हे खाणं जेवणाइतकंच मानाने करायला हवं. मटकीची उसळ, उकडलेली अंडी, थालीपीठ आणि दही, दडपे पोहे, चणे-शेंगदाणे-गूळ, असं काहीही चालेल. या एका बदलाने कितीतरी घरांत रात्रीचं अतिखाणं आपोआप थांबतं. पेयांबद्दल मात्र कडक राहावं. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते, आणि ती पिऊन भूक भागत नाही. उंची वाढवण्याचं आमिष दाखवणाऱ्या पावडरीही साखरेपासून मुक्त नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं, ते उगीच नाही. वजनासाठी धरलेल्या उपवासाचंही तसंच आहे. दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर खाऊन पोटात पिष्ट, तेल आणि मीठच जातं.

हे सगळं एकट्या मुलाने करायचं नाही, ही या पुस्तकाची दुसरी ठाम भूमिका आहे. घरात चौघे श्रीखंड-पुरी खात असताना पाचव्यासमोर काकडी ठेवणं ही शिक्षा झाली. अमेरिकेत लेनर्ड एपस्टाइन यांनी ६ ते १२ वर्षांच्या मुलांवर केलेल्या उपचारांचा दहा वर्षांनी आढावा घेतला. तो १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटात मूल आणि पालक दोघांनीही सवयी बदलल्या होत्या, त्या गटातल्या मुलांचं वजन दहा वर्षांनंतरही चांगलं राहिलं होतं. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी घरातल्या जबाबदाऱ्यांची केलेली वाटणी मला फार उपयोगी वाटते. काय शिजवायचं, कधी आणि कुठे बसून खायचं हे पालकांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं हे मुलाने. पालकांनी पोळ्या मोजू नयेत, आणि मुलाने स्वयंपाकघरात रोज वेगळी फर्माईश करू नये. रात्रीचं एक जेवण तरी टीव्ही आणि फोन बाजूला ठेवून सगळ्यांनी एकत्र घ्यावं.

मैदानाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं स्पष्ट आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारे व्यायाम करावेत. यासाठी ट्रेडमिल लागत नाही. खो-खो, कबड्डी, लंगडी, दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार, मल्लखांब, सायकल यांत दोन्ही गोष्टी साधतात. अडचण वेळेची आणि जागेची आहे. दहावीचं वर्ष लागलं की पीटीचा तास गणिताला जातो, आणि नीट-जेईईच्या क्लासमध्ये तर मैदान नसतंच. वयात आल्यावर मुली मैदान सोडतात, कारण शाळेत स्वच्छ शौचालय नसतं, पॅड बदलायला जागा नसते, आणि धावताना लोक बघतात. या मुलींना आळशी म्हणणं सोपं आहे. त्यांना निर्धास्तपणे धावता येईल अशी सोय करणं हे आपलं काम आहे. व्यायाम वजनासाठी करायचा नाही, हेही मुलांना सांगावं. खेळल्यावर झोप लागते, मन हलकं होतं, अंगात ताकद येते. वजनाचा आकडा हलला नाही तरी हे सगळं मिळतंच.

झोपेला आपण या यादीत धरतच नाही. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. अकराच्या आधी झोप येत नाही, हा नेहमीच मोबाइलचा दोष नसतो. पहाटे सहाला क्लास ठेवला की दोन्हीकडून कात्री लागते. झोप अपुरी झाली की भूक वाढते आणि गोड-तळलेल्याची ओढ वाढते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. मोठ्या मुलांना तो लागू नाही. खरं तर त्यांची गरज त्याहून मोठी आहे.

आता बोलण्याबद्दल. ‘जाड्या’, ‘ढोली’, ‘अशाने लग्न कसं व्हायचं’, ‘तुझ्या मापाचे कपडे मिळत नाहीत’ ही वाक्यं आपण मायेने म्हणतो, लग्नकार्यात चारचौघांत म्हणतो. मुलांना ती वर्षानुवर्षं आठवतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये लठ्ठपणा आणि खाण्याचे मानसिक विकार या दोहोंना एकत्र रोखण्यासाठी मार्गदर्शन केलं. त्याचं सार असं, की घरात वजनावर बोलू नये, वजनावरून चिडवू नये, डाएटला उत्तेजन देऊ नये, आणि एकत्र जेवावं. हीच चार वाक्यं लठ्ठ मुलालाही लागू आहेत आणि हडकुळ्या मुलालाही. आईने स्वतःच्या पोटाला आरशात नावं ठेवणंसुद्धा मुलगी ऐकत असते.

म्हणून दुसऱ्या टोकाचा, म्हणजे खाणंच तोडण्याचा, धोकाही लक्षात ठेवायला हवा. मूल जेवणाच्या वेळी घराबाहेर राहतं, सगळ्यांसाठी स्वयंपाक करतं पण स्वतः खात नाही, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जातं, ढगळ कपडे घालू लागतं, पाळी थांबते, सतत थंडी वाजते, चक्कर येते, ही लक्षणं दिसली तर वजन अजून ‘नॉर्मल’ आहे म्हणून स्वस्थ बसू नये. वेगाने वजन उतरवणारं लठ्ठ मूलही खाण्याच्या मानसिक विकारात सापडतं, आणि घरचे कौतुक करत असल्याने त्याचा आजार उशिरा कळतो. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही गाठावं. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवाही मदतीला आहे.

लठ्ठ मुलाला डॉक्टरांकडे कधी न्यावं, याच्या काही खुणा इथेच सांगतो. मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा काळपट पट्टा दिसला, तर तो मळ समजून घासू नका. बहुतेक वेळा ती शरीर इन्शुलिनला दाद देत नसल्याची खूण असते. पाळी महिनोन्महिने लांबणं, जोरात घोरणं, वारंवार लघवी आणि तहान, मांडीत किंवा गुडघ्यात दुखून लंगडणं, सतत डोकेदुखी, यांतलं काही असलं तर तपासणी करून घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचं, वजन वाढतं आहे पण उंची थांबली आहे, असं दिसलं तर लगेच जावं. जास्त खाण्याने लठ्ठ झालेलं मूल सहसा त्याच्या वयाच्या मानाने उंच असतं. लठ्ठ आणि बुटकं होत जाणाऱ्या मुलाला थायरॉइड किंवा दुसऱ्या ग्रंथींचा आजार असू शकतो. काही मुलांना औषधं लागतात, ती विशेषज्ञांनी द्यायची असतात. इंटरनेटवर पाहून इंजेक्शन मागवायचं नसतं. उपचार म्हणजे काय, याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा देतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या त्याच संघटनेची २०२३ ची शिफारस तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तासांच्या प्रत्यक्ष मार्गदर्शनाची आहे. पाच मिनिटांत हातावर ठेवलेला आहाराचा छापील कागद म्हणजे उपचार नव्हे.

घराबाहेरच्या जगाकडेही पाहायला हवं. महाराष्ट्राने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हटवण्याचा आदेश काढला. २०२० मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जास्त साखर, मीठ आणि मेद असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला बंदी घातली. कागदावर चांगले असलेले हे नियम आपल्या शाळेच्या फाटकावर पाळले जातात का, हे पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विचारण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे. तो वापरावा.

पुस्तक कसं वाचावं, याबद्दल शेवटचं. सगळी प्रकरणं वाचून सोमवारपासून सगळं बदलायचा बेत करू नका. एक गोष्ट निवडा, घरातल्या सगळ्यांनी मिळून ती दोन महिने पाळा, मग दुसरी घ्या. वजनकाटा मुलाच्या खोलीतून काढून ठेवा. तीन-चार महिन्यांतून एकदा, शक्यतो त्याच दवाखान्यात, त्याच काट्यावर, उंची आणि वजन दोन्ही मोजून आलेखावर ठिपका ठेवा. ठिपक्यांची रेषा कुठे वळते आहे ते बघा. एका ठिपक्यावरून निकाल लावू नका. मूल चौदा वर्षांचं असेल, तर हे पुस्तक त्यालाही वाचायला द्या, कारण शरीर त्याचं आहे आणि त्याच्या सहभागाशिवाय यातलं काहीच टिकणार नाही. आणि त्याला एवढं जरूर सांगा, की या घरातलं त्याचं स्थान त्याच्या वजनावर अवलंबून नाही, ते कधीच नव्हतं. हे ज्या मुलाला मनापासून पटलेलं असतं, ते बाकीचं सगळं शिकू शकतं.